दोन वाड्यांचा पाडा

फोन लांज्याच्या अलीकडच्या एका टपरीवाल्याचा होता. महामार्गावर मोटारीने एका बैलाला उडवलं होतं. "जिवंत हाय, चालतोय पण. एक शिंग बुडातून मोडलंय. रक्त थांबलं, आता माश्या बसायला लागल्यात. तुमी ती जनावरांची माणसंच ना?"

आम्ही ती जनावरांची माणसं. रत्नागिरीबाहेर कातळावर भाड्याने घेतलेल्या जागेत पत्र्याच्या शेडी, मागे फळी टाकून जनावर चढवता येईल असा एक जुना टेम्पो आणि आपापले उद्योग सांभाळून येणारी मूठभर माणसं, एवढीच आमची संस्था. ती चालवते ताई. तिचं बाजारात औषधांचं दुकान आहे. माणसांची औषधं विकते आणि जनावरांची विकत घेते, असं लोक चेष्टेने म्हणतात. डॉक्टर सरकारी गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. आणि मी. टेम्पोत मागे बसायचं, जनावराचं डोकं धरायचं आणि पत्रकं लिहायची, ही माझी कामं.

पत्रकं हा आमच्या घरचा धंदाच म्हणा. बाबा चळवळीतले. कारखाना, बंदर, भोंदूबाबा, ज्याच्या त्याच्या विरोधातल्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या ओटीवर पडलेले असायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्यावरून. 'नळ' आणि 'नथ' यांच्या आधी मला 'निषेध' वाचता आला. आमच्याकडे देव्हारा नाही, सोवळं नाही, सुतक नाही. शाळेत कुणी विचारलं तर सांगायचं, आम्ही मानत नाही. मला त्याचा अभिमान होता आणि तो अजूनही आहे.

संस्थेसाठी लिहिलेल्या माझ्या पहिल्या पत्रकाचं शीर्षक होतं, 'मुक्या जिवांचा आवाज व्हा'. ताईने ते दुकानाच्या काउंटरवर वाचलं आणि म्हणाली, "मुकी कोण? तुला शेडमध्ये एक दुपार बसवते. मग सांग मला, कोण मुकं आहे ते." तेव्हापासून मी 'मुके' हा शब्द वापरलेला नाही.

तर आम्ही गेलो. भातकापणीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं पिवळी पडलेली, माणसं वाकलेली. टपरीवाल्याने बोटाने देऊळ दाखवलं. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा त्याने हे गाव मधून कापलं आहे: चढावर वरची वाडी आणि देऊळ, उताराला खालची वाडी. देवळाच्या अंगणात पालखी ठेवतात त्या चौथऱ्याशेजारी, जांभ्या दगडाच्या बुटक्या भिंतीला, गडग्याला, अंग टेकून तो उभा होता.

मी एवढा मोठा बैल क्वचित पाहिलाय. तांबूस रंग, मानेखाली लोंबणारी पोळी, आणि डाव्या बाजूला शिंगाच्या जागी एक काळपट भोक. त्याच्याभोवती माश्यांचा घोंगाट. तो डोकं झटकायचा, माश्या उठायच्या, पुन्हा बसायच्या. डॉक्टरांनी बॅटरी मारून आत पाहिलं.

"शिंग आतून पोकळ असतं," ते म्हणाले, "आणि ती पोकळी थेट कपाळाच्या हाडात उघडते. किडे पडलेत. आत सरकले तर मेंदू लांब नाही. शेडवर न्यायला हवा. उरलेला बुंधा कापून साफ करू, रोज धुऊ. वाचेल."

मी फळी टाकायला टेम्पोकडे वळले, तेवढ्यात माणसं जमली. कापणी सोडून आलेली, हातात अजून विळे.

"ह्याला हलवायचा नाय," एक म्हातारा म्हणाला. डोक्याला टॉवेल, आवाज शांत. तो गावकर, वरच्या वाडीचा मानकरी. देवळाचं कुठलंही काम त्याच्या शब्दावाचून सुरू होत नाही, हे मला नंतर कळलं.

"मालक कोण याचा?" मी विचारलं.

"देव."

"कागदावर कोण?"

"कागद कसला गो? पाडा हाय तो देवाचा. नवसाचा. लहान होता तवा सोडला."

पाडा म्हणजे गोऱ्हा; तो केव्हाच वाढला होता, पण अख्खं गाव त्याला पाडाच म्हणायचं. सकाळी वरच्या वाडीत दारोदार फिरून भाताची पेज, केळीची सालं, भाकरीचे तुकडे खायचा आणि उन्हं कलली की रस्ता ओलांडून खालच्या वाडीत जायचा. त्याला कुणी बांधलं नाही, कुणी मारलं नाही. रस्ता दुपदरी होता तेव्हाही तो तसाच ओलांडायचा, चौपदरी झाल्यावरही. गाड्यांनी थांबायचं, ही त्याची समजूत. इतकी वर्षं त्या थांबल्याही होत्या.

"मग आता देवाची सही कुठे घेऊ?" मी म्हणाले.

मागे कोणीतरी पोट धरून हसलं. मग बाकीच्यांनी वळून पाहिलं आणि ते हसणारं माणूस खोकल्यासारखं करू लागलं. ताईने माझा दंड असा दाबला की तिची नखं उमटली.

"पोर शहरातली आहे," ताई गावकराला म्हणाली. "बोलते जास्त. तुम्ही सांगा काका, काय करायचं."

"कौल लावूया. देव देईल ता करूया."

टेम्पोच्या आडोशाला आमचं भांडण झालं. मी म्हणाले, कायदा आपल्या बाजूने आहे. जनावराला वेदनेत ठेवणं हा गुन्हा आहे. पोलिसांना बोलावू आणि घेऊन जाऊ. एका दगडावरून फूल पडायची वाट बघत या जनावराने किड्यांना डोकं खाऊ द्यायचं का?

"नेशील," ताई म्हणाली. "आज नेशील. पुढच्या वेळी या गावात जनावर पडलं की फोन करतील तुला? या गावात नाही, शेजारच्या चार गावांत पण नाही. तुला हा एक वाचवायचाय. मला फोन चालू ठेवायचाय."

"तत्त्वाचं काय?"

"तत्त्व टेम्पोत ठेव. गरम पाणी मिळतं का बघ आधी."

कौल लावायला दोन्ही वाड्यांचे मानकरी लागतात. वरच्या वाडीचा गावकर हजर होता. खालच्या वाडीचा मानकरी गणपतीला येऊन परत मुंबईला गेलेला, परळला एका इमारतीत लिफ्ट चालवतो. आता तो येईपर्यंत थांबायचं की काय, म्हणून मी कपाळाला हात लावला, तर गर्दीतून एक बाई पुढे आली. चाळिशीची, पदर खोचलेला, काजूच्या टरफलांच्या तेलाने बोटं काळी पडलेली. त्या मानकऱ्याची बायको. तिने कमरेचा मोबाइल काढला आणि व्हिडिओ लावला.

"अवो, ऐकताव काय? पाड्याचा कौल लावायचा हाय. लिफ्ट जरा कुणाकडं तरी द्या."

"थांब, चौथ्या माळ्यावरची म्हातारी वर सोडतो," फोनमधून आवाज आला.

अंगणात हशा पिकला. गावकरही हसला. थोड्या वेळाने मानकऱ्याचा चेहरा पडद्यावर आला, डोक्यावर घाईने रुमाल बांधलेला. काकीने, मी तिला लगेच काकीच म्हणू लागले, फोन देवासमोर उंच धरला. गुरवाने काळ्या पाषाणावर फुलांचे ओले कळे चिकटवले, उजवीकडे आणि डावीकडे, आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, तुझा पाडा आज दुखण्यात उभा हाय. ह्यी माणसं लांबून आल्यात. त्यास गावाबाहेर नेऊन बरा करूचा म्हणत्यात. न्यायचा असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. फोनमधून परळचा आवाज अर्धा क्षण उशिरा आला, "व्हय म्हाराजा."

मी पायरीवर उभी होते, आत गेले नाही. पण मान वळवून पाहत होते, हे खरं. डावा पडला.

माझ्या तोंडून शिवी निघाली असती. ताई पुढे झाली, डोक्यावर पदर घेतला आणि गुरवाला म्हणाली, "दुसरं विचारा ना. गावातच, इथेच अंगणात बरा करायचा का?"

उजवा पडला.

दगडावरच्या ओल्या कळीच्या पडण्याला मी आजही पुरावा मानत नाही. पण ताईने प्रश्न बदलला, ही गोष्ट मी विसरत नाही. बाबांच्या एवढ्या पत्रकांत प्रश्न बदलायचा, असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातच शस्त्रक्रिया झाली. पाड्याला आडवा पाडायला दोर लागले आणि दोर म्हटल्यावर मान आला. डोक्याकडचा दोर धरायचा मान वरच्या वाडीचा, मागच्या पायांचा खालच्या वाडीचा. पालखीचे खांदेही असेच वाटलेले. एका उत्साही माणसाने चुकून पुढचा दोर धरला तर चारजण ओरडले, "अरे तू खालचा ना? मागं हो!" डॉक्टर भुलीची सुई हातात धरून वैतागले, "अरे बाबांनो, बैल एकच आहे, कुठूनही धरा!" तसं कुणी धरलं नाही. पण ज्याने त्याने आपला दोर असा धरला की पाडा तसूभर हलला नाही. डॉक्टरांनी तारेच्या करवतीने बुंधा सपाट केला, चिमट्याने किडे काढले, औषधाच्या पाण्याने पोकळी धुतली. घरोघरच्या चुलींवरून पाणी येत होतं. मी त्याच्या डोळ्यावर ओलं फडकं धरून बसले होते. भुलीतही त्याची पापणी माझ्या तळव्याखाली थरथरत होती.

तो उठून उभा राहिला तेव्हा माणसांनी टाळ्या वाजवल्या. काकी म्हणाली, "एका शिंगाचा झाला मेला. आता कोण पोरगी देईल ह्याला?"

डॉक्टरांनी सगळ्यांना नीट सांगितलं. भोक आतून भरत यायला वेळ लागेल. तोवर रोज जुनी पट्टी काढायची, धुवायचं, औषधात भिजवलेली नवी पट्टी आत भरायची. एकही दिवस चुकवायचा नाही. माशीला एक सकाळ पुरते.

आम्हाला रोज येणं शक्य नव्हतं. शेडमध्ये कुत्र्याच्या पिल्लांत डिस्टेंपरचा रोग शिरला होता आणि ती एकामागून एक झटके येऊन जात होती. मी म्हणाले, ठरावीक एका माणसावर जबाबदारी द्या. गावकर म्हणाला, "तसा नाय चालत. मान दोघांचा हाय. आठवडा आमचा, आठवडा त्यांचा." जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते पटलं. आमच्या संस्थेत कुणाचा दिवस कोणता, यावरून रोज फोनाफोनी चालायची. इथे कुणाला काही सांगावंच लागत नव्हतं.

आणि खरंच चाललं. आम्ही मधून दोनदा जाऊन आलो. वरच्या वाडीची माणसं चोख करायची, पण जरा भीत भीत. काकीचं वेगळं होतं. ती चौथऱ्यावर बसायची, पाडा आपणहून येऊन तिच्या मांडीवर डोकं टेकायचा आणि ती पट्टी काढता काढता त्याला शिव्या द्यायची. "हल, हल अजून. मुडद्या, गेला होतास कशाला गाडीखाली? खालच्या वाडीत माझी पेज नासत होती काय?" एवढं बोलून त्याच्या कपाळावर फुंकर घालायची. भोकाच्या कडेने गुलाबी मांस धरू लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, बाईचा हात चांगला आहे.

त्यानंतर काही दिवस आम्ही फिरकलो नाही. ताईने गावकराला फोन केला तेव्हा मी शेजारीच पिल्लाला सलाईन धरून बसले होते. गावकर म्हणाला, "पाडा बरा हाय. आमच्यात वाईट झालं ताई, चुलता गेला. सुतक हाय." ताईने हळहळ व्यक्त केली, वय विचारलं, कशाने गेले विचारलं. फोन ठेवला. तो आठवडा कुठल्या वाडीचा आहे, हे विचारायचं तिला सुचलं नाही. आणि मी ज्या घरात वाढले, तिथे 'सुतक' या शब्दाला काही अर्थच नव्हता. तो माझ्या कानावरून निघून गेला.

शेडमधली धावपळ जरा थांबल्यावर आम्ही औषधं घेऊन निघालो. अंगणात शिरताना मला काकी दिसली. ती पाड्यापासून हातभर लांब उभी होती आणि ऐनाची मोठी डहाळी दोन्ही हातांनी धरून त्याच्या डोक्यावरून वारा घालत होती. डहाळीचं एक पानही त्याला लागत नव्हतं. मला वाटलं, किती प्रेम. मी हात हलवला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पाहून माझे पाय थांबले.

पाड्याने कपाळ देवळाच्या खांबाला टेकलं होतं. नुसतं टेकलं नव्हतं, तो खांब ढकलत होता. समोर वाट नाही हे त्याला कळतच नव्हतं. तोंडातून लाळ. वास अंगणभर.

डॉक्टरांनी पट्टी ओढली. ती कधीची जुनी होती. तिच्याबरोबर काय बाहेर आलं, ते मी लिहिणार नाही.

"कुणी केलं नाही?" ताईचा आवाज फाटला. "काकी, कुणीच केलं नाही?"

"आठवडा वरच्यांचा," काकी म्हणाली. डहाळी अजून हलतच होती. "त्यांना सुतक, अख्खी वाडी एका भावकीची. देवाच्या पाड्याला हात कसा लावतील? देवळाच्या पायरीलाही येत नाय त्ये."

"मग तुम्ही का नाही केलं?"

"बोलावलं नाय ना कुणी. दुसऱ्याचा मान कसा उचलायचा? ह्यांना फोन केला. ह्ये बोलले, बोलावल्याबिगर हात लावू नको, आज्याच्या टायमाला एका नारळावरून कोर्टात गेली होती दोनी वाड्यांची माणसं. तवा मी रोज येते. माश्या वारते. शिवत नाय."

ती रोज येत होती. कापणीचं काम टाकून, रस्ता ओलांडून. पेज घालायची, पाणी ठेवायची, डहाळीने वारा घालायची आणि संध्याकाळी परत जायची.

मी धावत वरच्या वाडीत गेले. गावकर घरापुढच्या खळ्यात बसला होता, डोकं भादरलेलं. मी वाटेवरूनच ओरडले. काय ओरडले ते सगळं आठवत नाही. खुनी म्हणाले, एवढं आठवतं. तो उठला, आणि त्याचा चेहरा पाहून मला कळलं की त्याला काहीच ठाऊक नाही.

"अगो, पण खालच्यांनी केला असेल ना?" तो म्हणाला. "आमी अडचणीत, तर त्यांनी करायचा. ता सांगायला कशाला लागतंय? आमी समजलो, करत्यात. म्हणून तर ताईला बोललो, बरा हाय."

"सांगायला लागतं!"

"सुतकी माणसानं देवाच्या कामाचा आवतान कसा द्यायचा, बाय?"

आमंत्रण दिलं नाही ते अपवित्र होईल म्हणून. हात लावला नाही तो अपमान होईल म्हणून. मी आयुष्यभर दुष्टांच्या विरोधात लिहायला शिकले होते. इथे तर सगळे एकमेकांना जपत होते.

खाली आले तेव्हा डॉक्टर ताईशी हळू आवाजात बोलत होते. आता उपाय नाही, आत पोचलंय. त्याला शांत करायला हवं, आजच. गुरव ऐकत होता. तो लांब सरला. म्हणाला, "देवाच्या पाड्याला सुई टोचून मारायचा? कौलाशिवाय?"

"मग लावा कौल," मी म्हणाले. "लावा. मी आत येते. हात जोडते. काय पाहिजे ते करते."

"एका मानकऱ्याला सुतक हाय. कौल लागत नाय."

ताई, जी सगळ्यांना सांभाळून घेते, जी कधी आवाज चढवत नाही, ती चौथऱ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागली. शेडमध्ये इतकी जनावरं गेली, तरी तिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, डॉक्टर, तुम्ही द्या इंजेक्शन, मी बघते कोण काय करतं ते. डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं. ताईने तोंडावरचे हात काढले. आणि मग मान हलवली, नाही अशी. मी तिला त्यासाठी माफ केलेलं नाही. ती चूक होती, असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्या गावातून त्यानंतर आम्हाला तीन फोन आलेत: एक कोल्हा, एक गाय, विहिरीत पडलेलं मांजर. तिन्ही वाचली. ती वाचली, म्हणून पाड्याचे ते तास कमी होत नाहीत.

डॉक्टरांनी वेदना कमी करायचं औषध दिलं. त्याला तरी कुणी हरकत घेतली नाही.

पाड्याचे मागचे पाय आधी गेले. तो बसला, मग कुशीवर कलला. मान वळवून कुठेतरी टेकायला जागा शोधू लागला, पण दगडी फरशीवर त्याचं डोकं नुसतं घासत राहिलं. काकी डहाळी धरून उभी होती. तिने एकदा वर पाहिलं, वरच्या वाडीच्या चढाकडे. एकदा कमरेच्या मोबाइलला हात लावला. मग डहाळी टाकून दिली.

"काय व्हायचा ता होऊ दे," ती म्हणाली.

ती फरशीवर बसली आणि ते प्रचंड डोकं दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतलं. माझ्याकडे हात पसरला. मी औषधात भिजवलेली पट्टी दिली. तिने ते भोक पुसलं, धुतलं, पट्टी भरली, रोज भरायची तशी, काठावर बोट फिरवून. त्याचा काही उपयोग नव्हता, आणि ते तिथे सगळ्यांना माहीत होतं. गुरव तोंड फिरवून उभा राहिला. काकी शिव्या देत नव्हती या वेळी. नुसती फुंकर घालत होती.

उन्हं कलली, त्याची खालच्या वाडीत जायची वेळ झाली, आणि तो गेला.

पुरायला दोन्ही वाड्या आल्या. सुतकी माणसं गडग्यापलीकडे लांब उभी राहिली. जांभ्यात खड्डा हाताने होईना, तेव्हा रस्त्याच्या कामावरचं जेसीबी कुणीतरी आणलं. खड्ड्यात माती कुणी आधी लोटायची, कुणी मागून, नारळ कुणी ठेवायचा, यातलं काहीही अडलं नाही. वरच्यांनी गडग्यापलीकडून मोठ्याने हाक मारून सांगितलं, "आमच्या वाट्याची माती तुमी टाका रे!" खालच्यांनी टाकली. मी ते ऐकलं आणि मला तिथे उभं राहवेना. एवढंच तर म्हणायचं होतं. एवढंच, आठवड्यापूर्वी.

सुतक फिटल्यावर मी एकटीच एसटीने गेले. ताईला सांगितलं नाही. काकीचं काय झालं, हे मला पाहायचं होतं. तिच्यासाठी भांडायची तयारी करून गेले होते. गावाने बैठक घेतली होती. आपला आठवडा नसताना देवाच्या पाड्याला शिवली, म्हणून तिने देवापुढे चुकीचा नारळ ठेवायचा असं ठरलं होतं. चुकीचा नारळ म्हणजे चूक कबूल करून ठेवायचा. नवऱ्याने फोनवरून मान्य केलं होतं.

ती देवळाकडे निघालेलीच होती. हातात नारळ, केस विंचरलेले.

"ठेवू नका काकी," मी म्हणाले. "तुम्ही काही चूक केली नाही. अख्ख्या गावात तुम्ही एकट्या. ठेवलात तर त्यांचं खरं ठरेल."

"तू बस हितं," तिने चौथऱ्याकडे बोट दाखवलं.

ती आत गेली. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, लेकराकडून चूक झाली, पदरात घे म्हाराजा. "व्हय म्हाराजा," दोन-चार माणसं म्हणाली. काकीचे ओठ हलताना दिसले, आवाज आला नाही. तिने नारळ ठेवला, वाकली, बाहेर आली आणि माझ्याशेजारी बसली. पदराने मान पुसली. रस्त्यावरून ट्रक जात होते.

मी रागाने म्हणाले, "कसली चूक कबूल केलीत तुम्ही?"

"त्यांना वाटू दे शिवल्याची," ती म्हणाली. "मी देवाला सांगितलं, उशिरा शिवले."